खाडीकाठची बंदरे आणि त्यांची शिल्पसंपदा

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर ओलांडून कल्याणला येते. तिथे तिला भरतीचे पाणी भेटते. पुढे ठाण्यापाशी या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक घोडबंदरवरून वसईच्या मुखाशी अरबी समुद्राला मिळते, दुसरी ठाण्याची खाडी होऊन मुंबईच्या बंदरात उतरते. या दोन वाटांच्या मधली जमीन म्हणजे साष्टी; आजच्या मुंबईची उपनगरे आणि ठाणे शहर तिच्यावरच वसले आहे. साष्टीच्या उत्तरेला, वसईच्या पलीकडे, आणखी एका खाडीच्या काठी सोपारा आहे. उत्तर कोकणाचा परदेशी व्यापार सुमारे दोन हजार वर्षे या आतल्या पाण्यांतून चालला. त्या व्यापारातून मिळालेल्या पैशातूनच इथले स्तूप, लेणी, मंदिरे, मशिदी, चर्च आणि किल्ले उभे राहिले.

कोकणातली जुनी कला पाहायला निघालेला प्रवासी सहसा समुद्रकिनाऱ्याची वाट धरतो. जलदुर्गांसाठी ते योग्यच आहे. उत्तर कोकणातली सर्वांत मोलाची कलाकृती मात्र समुद्रापासून बरीच आत, उल्हासला मिळणाऱ्या वालधुनी नदीच्या काठी आहे. यामागचे कारण व्यापाराचे आहे. उघड्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा मारा आणि चाच्यांची भीती असे, खाडीच्या आत गलबत सुरक्षित राही. शिवाय नाणेघाट, माळशेज, थळघाट, बोरघाट या देशावर चढणाऱ्या वाटा कल्याणच्या आसपासच येऊन मिळत. जहाजातला माल इथे उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढे. जिथे माल वाहन बदलतो तिथे जकात बसते, वखारी होतात, सराफ आणि कारागीर स्थायिक होतात, आणि दान देण्याइतका पैसा लोकांच्या हाती खेळू लागतो.

या बंदरांमध्ये सोपारा सर्वांत जुने. महाभारतात शूर्पारक या नावाने त्याचा उल्लेख आहे. बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी इथलाच. समुद्रसफरींतून धन मिळवून तो भिक्षू झाला. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने आपले शिलालेख इथे कोरवून घेतले, यावरून त्या काळातले या गावाचे महत्त्व कळते. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला सापडला. नवव्या लेखाचा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लोकांनी लग्नकार्यात, आजारपणात आणि प्रवासाला निघताना जे विधी करायचे त्यांपेक्षा नोकरचाकरांशी नीट वागणे हा मोठा विधी, असे तो लेख सांगतो. दर्यावर्दी वस्तीसमोर कोरायला याहून समर्पक मजकूर सापडला नसता.

नाशिकच्या लेण्यांत क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे त्याने धर्मशाळा बांधल्या आणि दमण, डहाणूपर्यंतच्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, अशी त्यात नोंद आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत या किनाऱ्यावरून किती वाटसरू ये-जा करत असतील, याचा अंदाज त्या होड्यांवरून येतो.

सोपाऱ्याचा स्तूप गावात ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाई. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये तो खणला, तेव्हा मधोमध एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक होते. बाहेरचा तांब्याचा, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते जपलेले होते. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणेही सापडले, त्यामुळे हा ठेवा दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा ठरतो. करंडकांभोवती मांडलेल्या आठ ब्राँझ मूर्ती मात्र घडणीवरून पाच-सहाशे वर्षांनंतरच्या दिसतात. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडला, त्यात नव्या मूर्ती श्रद्धेने मांडल्या आणि पुन्हा बंद केला. बंदराची भरभराट ओसरल्यावरही इथे ब्राँझ घडवून घेणारे आणि ती अर्पण करणारे लोक होते, एवढे यावरून नक्की कळते. हा सगळा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला झाडांच्या सावलीत स्तूपाचा विटांचा उंचवटा उरला आहे.

कल्याणचे नाव परदेशी कागदांत पहिल्या शतकात येते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथाचा अज्ञात लेखक सांगतो की ‘कल्लिएना’ हे पूर्वी राजमान्य बंदर होते. पुढे संदनेस नावाच्या राजाच्या ताब्यात आल्यावर तिथला व्यापार अडवला गेला आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात बंदरांची अशी ओढाताण झाली. नाणेघाटाच्या माथ्यावरचे सातवाहन राणी नागनिकेचे लेणे आणि तिथला दगडी रांजण याच मार्गाची साक्ष देतात. जकातीची नाणी त्या रांजणात टाकली जात, असे लोक सांगतात.

कल्याणचा त्या काळचा वाडा किंवा विहार आज जमिनीवर उरलेला नाही. त्या शहराची माणसे भेटतात ती कान्हेरीच्या लेण्यांत. साष्टीच्या मध्यभागी असलेल्या या डोंगरात शंभरावर लेणी आहेत आणि त्यांतल्या लेखांत सोपारा, कल्याण, चौल, नाशिक इथल्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले, कल्याणच्या लोहाराने डोंगरात वाट बांधून दिली. राजांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात एका लोहाराचे नाव दगडावर टिकून राहावे, ही फार मोठी गोष्ट आहे. त्याने मूर्ती किंवा लेणे न देता भिक्षूंच्या पायांखाली येणारी वाट दिली. लेण्यांचा खर्च कोणी उचलला या प्रश्नाचे उत्तर कान्हेरीत भिंतीवरच लिहिलेले आहे. ते उत्तर व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया असे आहे. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह दोन व्यापारी भावांनी यज्ञ सातकर्णीच्या काळात खोदवले. त्याच्या दर्शनी भिंतीवर दोन बाजूंना दात्या जोडप्यांच्या मूर्ती आहेत. स्त्रियांची जड कर्णभूषणे, पुरुषांचे फेटे आणि कंबरपट्टे यांतून त्या काळच्या बंदरी श्रीमंतीचे चित्र स्पष्ट दिसते. याच डोंगरात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. लेणी त्या वेळीही दुरून येऊन पाहण्याजोगी वाटत होती.

सहाव्या शतकात कोस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी कल्याणची नोंद करतो. तिथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे त्याने लिहिले आहे. त्यानंतर कल्याण काही शतके मागे पडते आणि पुढचा मोठा अध्याय ठाण्याचा सुरू होतो.

उत्तर कोकणच्या शिलाहारांनी सुमारे साडेचारशे वर्षे राज्य केले. आधी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, राष्ट्रकूट सत्ता संपल्यावर जवळजवळ स्वतंत्र झाले. श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, ही त्यांची राजधानी. अकराव्या शतकात अल्बेरुनीने ठाण्याला कोकणची राजधानी म्हटले आहे. शिलाहारांच्या राजवाड्याचा मागमूस शहरात राहिलेला नाही, पण ताम्रपट आणि दगड अधूनमधून सापडत आले. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी या शिलाहार राजाचा शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट निघाला. त्याचे भाषांतर पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापले गेले. भारतीय ताम्रपटांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात ज्या मोजक्या लेखांनी झाली, त्यांत ठाण्याचा हा लेख आहे. शहरात ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

शिलाहारांच्या कलेचे शिखर म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. कल्याणपासून काही मैलांवर वालधुनीच्या काठी ते उभे आहे. उत्तरेच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूला लेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला होता, पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचे दाखवले. त्यानुसार मंदिराचा काळ इ.स. १०६० ठरतो. महामंडलेश्वर माम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याच्या कारकिर्दीत हे ‘भवन’ झाल्याचे लेख सांगतो आणि त्याचा मोठा भाऊ छित्तराज याचे नावही त्यात येते. काम छित्तराजाने सुरू केले आणि मुम्मुणीने पुरे केले, असे त्यावरून मानले जाते.

मंदिर काळ्या बेसॉल्टचे आहे, पश्चिमाभिमुख. मंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. मंडपातून गर्भगृहात जायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात, कारण शिवलिंग जमिनीच्या पातळीपेक्षा बरेच खाली आहे. गर्भगृहावरचे शिखर वर उघडे आहे, त्यामुळे लिंगावर थेट आकाशाचा उजेड पडतो. हे शिखर भूमिज पद्धतीचे. चार दिशांना चार उभ्या नक्षीदार पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या एकावर एक चढत जाणाऱ्या ओळी, ही त्या पद्धतीची खूण. भूमिज शैलीची मुळे माळव्यात, परमारांच्या राज्यात आहेत. परमार राजा भोजाच्या १०२० मधल्या दोन ताम्रपटांत कोकण जिंकल्याच्या उत्सवाचा उल्लेख आहे. त्यानंतर चाळीस वर्षांनी उभ्या राहिलेल्या अंबरनाथच्या मंदिरात ती शैली इतक्या परिपक्व रूपात दिसावी, याचा संबंध अभ्यासक या घडामोडींशी जोडतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर याच शैलीचे आहे, आणि सिन्नर थळघाट ओलांडून जाणाऱ्या वाटेवरच येते. त्या घाटाने मालाबरोबर पाथरवटांचे कसबही वर गेले आणि खाली आले असणार.

भिंतीवरचे काम पाहायला घाई उपयोगाची नाही. जोत्यावर आडव्या थरांमध्ये कीर्तिमुखे आणि हत्ती ओळीने येतात, त्यांच्यावर भिंत अनेक कोनांनी आत-बाहेर वळते. प्रत्येक वळणाला सावली वेगळी पडते, म्हणून एकच मूर्ती सकाळी आणि दुपारी निराळी भासते. ब्रह्मदेव, भैरव, गजासुराचा वध करणारा शिव, चामुंडा, शिवपार्वतीचा विवाह ही शिल्पे ठळक आहेत. ब्रह्मा, विष्णू, शिव आणि सूर्य यांची चिन्हे एकाच देहात एकवटणारी मूर्तीही इथे आहे. देवांच्या मध्ये कोनाड्या-कोनाड्यांत सुरसुंदरी उभ्या आहेत. आतले चार खांब तळाशी चौकोनी आणि वर गोल होत जातात, आणि त्यांवर घुमटाकार छत आहे. बेसॉल्ट हा कठीण दगड. त्यात माणसाच्या बोटांची पेरे आणि दागिन्यांचे मणी इतके बारीक कोरणे हे संगमरवरातल्या कामापेक्षा जास्त कष्टाचे. नऊशे साठ पावसाळे झेलून काही चेहरे आता पुसट झाले आहेत.

या मंदिराला आधुनिक कलाशिक्षणाच्या इतिहासातही जागा आहे. १८६८ मध्ये मुंबईच्या कला विद्यालयातले, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातले, टेरी आणि त्यांचे विद्यार्थी सरकारी खर्चाने अंबरनाथला आले. त्यांनी मंदिराची मोजमापे घेऊन रेखाटने केली, छायाचित्रे काढली आणि शिल्पांचे साचे घेतले. युरोपीय प्रतिमांवरून चित्रकला शिकणाऱ्या तरुणांसमोर त्यांच्याच प्रदेशातली एक थोर परंपरा अशी पहिल्यांदा आली.

अंबरनाथच्या तुलनेत लोनाडकडे कोणी जात नाही, आणि ही उणीव आहे. कल्याण आणि भिवंडीच्या मध्ये असलेल्या या गावाचे शिलाहारकालीन नाव लवणेतट. अपराजित या राजाने शके ९१९ मध्ये, म्हणजे ९९७ साली, इथल्या लोणादित्य या सूर्यमंदिराला भादाणे गाव दान दिले. गावाजवळच्या डोंगरात त्याआधीचे एक लेणे आहे, खांडेश्वरीचे म्हणून ओळखले जाणारे. त्यात राजदरबाराचा प्रसंग कोरलेला शिल्पपट आहे. गावात पडक्या शिवमंदिराचे दगड विखुरलेले आहेत, आणि परिसरात शके ११०६ आणि ११६१ चे शिलालेख मिळाले आहेत. उत्तर कोकणात दानाचे लेख बहुतेक वेळा गधेगाळीवर कोरलेले असतात. वर सूर्य, चंद्र आणि कलश, मध्ये मजकूर, आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र. दान मोडणाऱ्याला दिलेली ही जाहीर शिवी होती. अक्षर न येणाऱ्यालाही ती कळावी म्हणून ती चित्रात दिली. मराठी भाषेतले अगदी सुरुवातीचे लेख अशाच दगडांवर सापडतात. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख त्यांतला प्रसिद्ध. गधेगाळीचे शिल्प ओबडधोबड असते, मंदिरातल्या मूर्तीशी त्याची बरोबरी करू नये. पण सामान्य माणसाशी बोलण्यासाठी कोरलेली कला म्हणून तिचे मोल वेगळे आहे.

बोरिवलीजवळच्या एकसर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, या सगळ्या परंपरेत अनन्य आहेत. देशावरच्या वीरगळांवर घोडेस्वार आणि गायी सोडवणारे योद्धे दिसतात, एकसरला लढाई पाण्यावर चालली आहे. लांबट होड्यांच्या बाजूंनी वल्ह्यांच्या रांगा आहेत, वर तिरंदाज उभे आहेत, आणि दगडाच्या वरच्या टप्प्यांत मेलेले वीर स्वर्गात शिवपूजा करताना दाखवले आहेत. काही दगडांवर हत्तींची लढाईही आहे. यादव राजा महादेव आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर युद्ध झाले आणि सोमेश्वर बुडून मेला. हे वीरगळ त्याच युद्धाचे, असे अनेक जण मानतात. शिल्पशैली पाहून काही अभ्यासक ते भोजाच्या कोकण स्वारीपर्यंत मागे नेतात. प्रसंग कोणताही असो, मध्ययुगीन कोकणातल्या युद्धनौका प्रत्यक्ष कशा दिसत, हे सांगणारे याहून चांगले चित्र दुसरे नाही.

शिलाहार गेले तरी ठाण्याचे बंदर चालू राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ‘ताना’ हे मोठे राज्य असल्याचे लिहिले. तिथून उत्तम कमावलेले कातडे, सुती कापड आणि तपकिरी रंगाचा धूप बाहेर जातो, आणि घोडे आयात होतात, अशी त्याची नोंद आहे. चाच्यांनी लुटीतले घोडे राजाला द्यायचे असा त्यांच्यात करार होता, हेही तो सांगतो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यात मारले गेले, आणि थोड्याच वर्षांत ओडोरिक हा इटालियन साधू त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनला गेला. त्या काळातल्या मशिदी आणि मंदिरे ठाण्यात फारशी टिकली नाहीत. कापडाची कीर्ती मात्र टिकली. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज नोंदींत ठाण्याच्या जरीच्या आणि रेशमी मागांचा उल्लेख आहे, आणि हे रेशीमकाम एकोणिसाव्या शतकापर्यंत काही ख्रिस्ती कुटुंबांच्या हाती राहिले. त्यानंतर ते थांबले. दगडाचे काम उरले आणि धाग्याचे संपले, ही या शहराची मोठी हानी आहे.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिच्याबरोबर ठाणे व साष्टी गेली. पुढची दोनशे वर्षे या भागाची राजधानी वसई होती. देवळे पाडून चर्च बांधली गेली, हा त्या कालखंडाचा क्रूर भाग आहे. पण बांधकामाची एक नवी भाषाही इथे आली. अर्धवर्तुळाकार कमानी, पिळाचे खांब आणि दारावर कोरलेली राजचिन्हे वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आजही पाहता येतात. वसईच्या खाणींतला दगड जहाजांनी गोव्याला जात असे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेचा दर्शनी भाग याच दगडाचा आहे. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठचे संत योहान बाप्तिस्ता चर्च फ्रान्सिस्कनांनी उभारले आणि ते आजही उपासनेत आहे.

कल्याण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर राहिले आणि तिथली कथा निराळी झाली. मुसलमानी अमलात त्याला इस्लामाबाद म्हणत. शेणाळे तलाव, ज्याला लोक काळा तलाव म्हणतात, त्याच्या काठी सतराव्या शतकातली काळी मशीद आणि मोगल सुभेदार मातब्बरखानाची कबर आहे. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीचा किल्ला खाडीवर उभा राहिला. मराठी आरमाराची पहिली लढाऊ जहाजे १६५९ च्या सुमारास इथेच बांधायला घेतली. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याची माणसे त्या कामावर होती. पोर्तुगीज सरकारने दबाव आणल्यावर ती निघून गेली. काम स्थानिक सुतारांनी आणि कोळी-भंडारी दर्यावर्दींनी पुढे नेले.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये सुरू केलेला तिथला किल्ला तेव्हा अपुराच होता. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, जिच्यावर १७२१ हे साल आहे, आणि मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची घंटा त्यांतल्याच. युरोपात ओतलेले ब्राँझ गोदावरी आणि कृष्णेच्या काठी शिवाच्या देवळात वाजू लागले. वसईच्या मोहिमेतल्या नवसाचे वज्रेश्वरीचे मंदिर शंकराजी केशव फडके यांनी बांधले. ठाण्यात सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये तलावातून मिळालेल्या शिवलिंगासाठी कौपीनेश्वराचे मंदिर उभारले. पेशवाईतली ही देवळे बांधणीने साधी आहेत. अंबरनाथच्या शिल्पकारांचा हात त्यांत दिसत नाही. सातशे वर्षांत ते कसब कोकणातून नाहीसे झाले होते. त्याऐवजी कल्याणच्या वाड्यांत लाकडी खांब, कोरीव तुळया आणि चौकांची एक वेगळी कला वाढली. सुभेदारवाड्याची आठवण जपणारे हे शहर तिचे बरेच नमुने गेल्या पन्नास वर्षांत गमावून बसले आहे.

डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांनी घेतले, १७८० मध्ये कल्याण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि पुढच्या वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. माल आता रुळांवरून जाऊ लागला. खाडी गाळाने भरत गेली, बंदरांची नावे रेतीबंदर म्हणून उरली, आणि गलबते थांबली. पण त्याच रेल्वेने शहरी वाचकाला अंबरनाथ आणि कल्याण एका दिवसाच्या अंतरावर आणून ठेवले. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या सगळ्या स्थळांची पहिली सविस्तर नोंद झाली, आणि तिच्या पुरातत्त्वविषयक मजकुरात भगवानलाल इंद्रजींचा मोठा वाटा होता.

ही स्थळे कालक्रमाने पाहायची असतील तर सुरुवात नालासोपाऱ्याच्या स्तूपापासून करावी, मग कान्हेरी, मग लोनाड आणि अंबरनाथ, नंतर एकसर, आणि शेवटी वसईचा किल्ला, दुर्गाडी व ठाण्याची तलावपाळी. आठच ठिकाणे, सगळी लोकल आणि रिक्षाच्या टप्प्यात. अंबरनाथला सकाळी लवकर गेल्यास शिल्पे तिरप्या उजेडात नीट दिसतात. सोमवारी आणि महाशिवरात्रीला दर्शनाची गर्दी मोठी असते, तेव्हा शिल्पे पाहणे होत नाही. कान्हेरीत तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात आणि पाण्याच्या टाक्यांपाशी थांबून लेख शोधावेत.

स्तूप, लेणी आणि अंबरनाथचे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. धोका मोठा आहे तो गावातल्या सुट्या दगडांना. ठाणे आणि कल्याणच्या आसपास इमारतींचे पाया खणताना आणि तलावांचा गाळ काढताना मूर्ती, वीरगळ आणि गधेगाळी अजूनही निघतात. बरेचदा त्यांवर ऑइलपेंट फासला जातो, किंवा देवळाच्या नव्या ओट्यात त्या सिमेंटने बसवल्या जातात, आणि अक्षरे कायमची झाकली जातात. असा दगड दिसल्यास तो हलवू नये, रंगवू नये, जागेवर त्याचा फोटो काढून तहसीलदारांना किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. लोनाडच्या लेखांइतकाच महत्त्वाचा एखादा लेख अजून कोणाच्या तरी अंगणात पडलेला असण्याची शक्यता खरी आहे.